फाउंड्रीत ईआरपी आणायच्या आधी काय तपासायचं, आणि आणल्यावर काय सांभाळायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा : शिरोली एमआयडीसीत फाउंड्री (धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना) आहे, तिला जोडून मशीनशॉप, सव्वाशेच्या आसपास माणसं, सगळा कारभार टॅली आणि एक्सेलवर. कस्टमर मागे लागलाय की हीट नंबरपासून (भट्टीतल्या प्रत्येक वितळणीला दिलेला नंबर) ट्रेसेबिलिटी, म्हणजे प्रत्येक नगाचा माग, दाखवा, एका वेंडरने ईआरपी (खरेदीपासून डिस्पॅचपर्यंतचा कारभार एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) आणि मशीन मॉनिटरिंगचं एकत्र कोटेशन दिलंय, वडील म्हणतात आहे ते नीट चाललंय मग हे कशाला, आणि तुम्हाला विचारायचंय की आपण तयार आहोत का हे मोजायचं कसं आणि एकदा सुरू केलं की निभवायचं कसं. कोल्हापूर, सांगली, चाकण, वाळूज या पट्ट्यात बरीच वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा लांब लिहितो, वेळ काढून वाचा.

पहिल्यांदा ते कोटेशन ड्रॉवरमध्ये ठेवा. त्यातला एकही आकडा तुम्हाला आत्ता कामाचा नाही, कारण तुमच्याकडे काय अडतंय हे त्या माणसाने बघितलेलंच नाही, त्याने त्याच्याकडे काय आहे ते लिहून दिलंय.

तयारी मोजायची मॉडेल्स जगात भरपूर आहेत. सिंगापूरवाल्यांचा स्मार्ट इंडस्ट्री रेडीनेस इंडेक्स आहे, २०१७ चा, त्यात १६ बाजूंनी कारखाना तपासतात. जर्मनीच्या आकाटेक या संस्थेने त्याच वर्षी सहा पायऱ्यांचा इंडेक्स काढला : आधी कॉम्प्युटर येतो, मग यंत्रणा एकमेकांना जोडल्या जातात, मग काय चाललंय ते दिसतं, मग ते का होतंय ते कळतं, मग पुढे काय होईल याचा अंदाज येतो, आणि सगळ्यात शेवटी यंत्रणा स्वतःच जुळवून घेते. हे वाचून ठेवा, उपयोगी आहे, कारण वेंडर जे प्रेडिक्टिव्ह मेन्टेनन्स (बिघाडाचा आधीच अंदाज) म्हणून विकतोय ती पाचवी पायरी आहे आणि तुम्ही पहिलीवर उभे आहात, दुसरीवर एक पाय. मधल्या पायऱ्या गाळून वर जाता येत नाही, पैसे कितीही असले तरी.

पण आपल्या आकाराच्या युनिटला मी यातलं काहीही करायला लावत नाही. मी एक कास्टिंग, म्हणजे ओतलेला नग, मागतो. मागच्या महिन्यात डिस्पॅच झालेलं कुठलंही एक, शक्यतो असं जे चार-पाच ठिकाणी फिरून गेलंय. मग त्याच्या इनव्हॉइसपासून उलटं चालत जायचं, म्हणजे खरंच पायांनी, शेडमधून. हे कुठल्या लॉटमध्ये मशीन झालं, कुठल्या मशीनवर, कुठल्या शिफ्टला, मशीनशॉपला आलं कधी, फेटलिंगला (जादा धातू घासून काढायला) कुणी केलं, शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून सफाई) आत झालं का बाहेर, मोल्डिंग (वाळूचा साचा) कुठलं, कोअर (आतल्या पोकळीसाठीचे वाळूचे गाभे) कुठल्या बॅचचे, हीट नंबर काय, त्या हीटचा स्पेक्ट्रो रिपोर्ट (धातूतल्या घटकांची तपासणी) कुठाय, चार्जमध्ये (भट्टीत टाकलेल्या मालात) पिग आयर्न किती, एमएस स्क्रॅप किती, रिटर्न्स (आपलाच परत वितळवलेला माल) किती, आणि ते स्क्रॅप ज्या ट्रकमधून आलं त्याची काट्याची पावती कुठाय. प्रत्येक टप्प्यावर दोनच गोष्टी कागदावर लिहा : उत्तर मिळायला किती वेळ लागला आणि ते कुठून मिळालं. कॉम्प्युटरमधून, रजिस्टरमधून, कुणाच्या तरी खिशातल्या डायरीतून, व्हॉट्सॲपवरच्या फोटोतून, का "मला आठवतंय ना साहेब" यातून.

एवढंच तुमचं असेसमेंट आहे. एक दिवस जातो, फार तर दोन. आणि बहुतेक ठिकाणी साखळी दोन जागी तुटते. एक नॉकआउट (साचा फोडून कास्टिंग काढणं) ते फेटलिंगच्या मध्ये, जिथे दोन-तीन हीटची कास्टिंग एकाच बिनमध्ये पडतात आणि लहान कास्टिंगवर हीट कोड नसतो किंवा ग्राइंडिंगमध्ये निघून जातो. दुसरी, माल बाहेर जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, जातो तिथे. या दोन्ही जागा कुठलंही सॉफ्टवेअर आपोआप जोडून देणार नाही, पहिल्या जागेला आधी बिनला टॅग लावायची शिस्त पाहिजे, तीसुद्धा पत्र्याच्या पंच केलेल्या टॅगची, गरम कास्टिंगजवळ कागदी बारकोड टिकत नाही. ही शिस्त तुम्ही आज, शून्य रुपयांत, वहीवर सुरू करू शकता, आणि तिथे ती महिनाभर टिकली नाही तर ईआरपीतही टिकणार नाही हे आत्ताच कळेल.

आता त्या डायऱ्यांविषयी, कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. प्रत्येक कारखान्यात स्टोअरकीपरकडे, शिफ्ट इन्चार्जकडे, मेल्टिंगच्या मेस्त्रीकडे, डिस्पॅचच्या पोराकडे एक खासगी वही असते. लोक त्यावर चिडतात, मॅनेजमेंट मीटिंगमध्ये फर्मान निघतं की उद्यापासून वह्या बंद. असं करू नका. ती वही म्हणजे तुमच्या अधिकृत पद्धतीत जी गोष्ट बसत नाही तिची नोंद आहे. सगळ्या वह्या गोळा करा, मान देऊन मागा, त्या माणसाशेजारी बसून एकेक पान समजून घ्या, आणि तिथूनच तुमची रिक्वायरमेंट लिहायला घ्या. मी अख्ख्या प्रोजेक्टचं माप यावरच धरतो : ती वही त्या माणसाने स्वतःहून बंद केली का. केली तर बदल झाला, आणि नाही केली तर स्क्रीनवर कितीही डॅशबोर्ड असू देत, तुमचा कारखाना अजून वहीवरच चाललाय.

एका युनिटमध्ये ईआरपी येऊन काही वर्षं झाली होती, तक्रार अशी की स्टॉक कधीच जुळत नाही. सगळे म्हणायचे स्टोअरकीपर नीट एन्ट्री करत नाही, त्याला ट्रेनिंग द्या. त्याच्याजवळ बसलो तर कळलं की स्क्रॅपचा ट्रक रात्री अकराला येतो, भट्टी चालू असते, माल उतरला की थेट चार्जिंगला जातो. आणि सॉफ्टवेअरमध्ये पीओ (खरेदीची ऑर्डर) असल्याशिवाय आणि क्वालिटीने ओके दिल्याशिवाय जीआरएन (माल आल्याची नोंद) होत नव्हता, आणि रात्री अकराला परचेसचा माणूस पण नाही, क्वालिटीचा पण नाही. मग तो बिचारा रजिस्टरला लिहायचा आणि शनिवारी बसून आठवड्याच्या एन्ट्र्या एकदम मारायचा, म्हणजे सोमवार ते शनिवार सिस्टिममधला स्टॉक खोटा, आणि त्या खोट्या स्टॉकवर परचेसवाले ऑर्डर काढतायत. उपाय काय केला तर रात्रीच्या इनवर्डला एक साधी स्क्रीन, पार्टीचं नाव, काट्याचं वजन, पावतीचा फोटो, बस. दर आणि पीओ दुसऱ्या दिवशी ऑफिसने भरायचं. महिन्याभरात त्याने रजिस्टर बंद केलं, कुणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं त्याला कुणी विचारलंच नव्हतं की बाबा अडतंय कुठे.

दुसरी गोष्ट, तुम्ही माल किलोने घेता, वितळवता टनाने, मोजता नगाने आणि विकता कधी नगाने कधी किलोने. फाउंड्रीच्या ईआरपीत सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, कारण बरीच तयार सॉफ्टवेअर मशीनशॉप डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली असतात, त्यांना मोजमापाचं एकच युनिट कळतं. रनर-रायझरचं (कास्टिंगला जोडून ओतले जाणारे जादा भाग) वजन परत चार्जला येतं, ते कुठल्या भावाने धरायचं, मेल्टिंग लॉस कुठे दाखवायचा, हे वेंडरला पहिल्याच डेमोत तुमच्याच एका खऱ्या कास्टिंगवर करून दाखवायला सांगा, त्याच्या डेमो कंपनीवर नको. हे किरकोळ वाटत असेल तर लिडलचं उदाहरण बघा, जर्मनीची एवढी मोठी दुकानांची साखळी, २०११ पासून सॅप या ईआरपीवर जायचं काम चालू होतं आणि २०१८ मध्ये सगळं गुंडाळलं, खर्च ५० कोटी युरोच्या आसपास झाल्याच्या बातम्या होत्या. अडचणीचं एक मोठं कारण असं सांगतात की लिडल मालाची किंमत खरेदीच्या भावाने धरत होती आणि सॉफ्टवेअरचा सरधोपट मार्ग विक्रीच्या भावाचा होता, लिडलला आपली पद्धत सोडायची नव्हती, मग सॉफ्टवेअर वाकवत बसले. म्हणून प्रत्येक ठिकाणी आधीच ठरवा, पद्धत आपण बदलायची का सॉफ्टवेअर. मी साधारण असं सांगतो की जी पद्धत तुम्हाला कस्टमर मिळवून देते ती धरून ठेवा, बाकी सगळीकडे सॉफ्टवेअरचं ऐका, नाहीतर कस्टमायझेशनचं बिल लायसन्सच्या वर जातं आणि पुढचं प्रत्येक व्हर्जन तुम्हाला घेता येत नाही.

मग डेटा. आयटम मास्टरमध्ये, म्हणजे मालाच्या मूळ यादीत, तुमचं एकच कास्टिंग चार नावांनी असेल, एकदा ड्रॉइंग नंबरने, एकदा कस्टमरच्या पार्ट नंबरने, एकदा आपल्या बोलीतल्या नावाने आणि एकदा स्पेलिंग चुकवून. ही सफाई वेंडरवर सोडू नका, त्याला काय कळणार कुठलं खरं. आपल्याकडे सातबारा ऑनलाइन करताना काय झालं आठवा, हाताने लिहिलेले उतारे कॉम्प्युटरमध्ये गेले आणि क्षेत्र, नावं, हिस्से यात फरक निघाले, तेव्हा २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन घेतलं, कॉम्प्युटरमधला उतारा लोकांसमोर वाचायचा आणि ज्याची जमीन त्याने चूक सांगायची, आणि त्यानंतर १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा आला. तुम्हीही तसंच करा. मास्टरची यादी छापा, स्टोअर, मोल्डिंग, मशीनशॉप, डिस्पॅच सगळ्यांना एका टेबलाला बसवा आणि मोठ्याने वाचा. कंटाळवाणं आहे, दोन-तीन बैठका लागतात, पण याला पर्याय नाही.

कायद्याच्या काही गोष्टी तुम्हाला निवडायला वावच ठेवत नाहीत, त्या पटकन सांगतो. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरला एडिट लॉग (कुणी कधी काय बदललं याची नोंद) लागतो, बंद करता न येणारा, ऑडिटर त्यावर रिपोर्ट देतो, पार्टनरशिपला हे लागू नाही. टर्नओव्हर ५ कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) आहेच, आणि १० कोटींच्या वर असेल तर १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत ते पोर्टलवर गेलंच पाहिजे. पण माझ्या मते खरा पैसा अडकतो तो जॉबवर्कच्या चलनात, ज्याला शॉपवर अजून सगळे सत्तावन्न एफ फोर म्हणतात. पाठवलेला माल वर्षाच्या आत परत आला नाही, किंवा तिथूनच थेट पुढे गेला नाही, तर ज्या दिवशी पाठवला त्या दिवशी विकला असं जीएसटीत धरतात, टॅक्स आणि वर व्याज. जिग, फिक्श्चर, डाय या कामाच्या साधनांना ही मुदत नाही. आता कुठल्या पार्टीकडे आपले किती नग किती दिवसांपासून पडलेत हे बऱ्याच मालकांना आयटीसी-०४ (जॉबवर्कच्या मालाचा जीएसटी फॉर्म) भरायच्या आदल्या दिवशी कळतं. हा एक रिपोर्ट जरी रोज बरोबर मिळायला लागला तरी वडिलांना खर्चाचं कारण पटेल, कारण तो माल त्यांच्या पैशाचा आहे आणि दुसऱ्याच्या शेडमध्ये पडलाय.

वडिलांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. त्यांनी फोनवर आणि नजरेने कारखाना उभा केला, त्यांना विचारा की रोज सकाळी पहिल्या चहाबरोबर तुम्हाला काय कळलं पाहिजे. बहुतेक मालक चारच गोष्टी सांगतात, मेल्टिंग किती झालं, रिजेक्शन किती, डिस्पॅच किती, पैसे किती आले. मग पहिल्या टप्प्यात हेच चार आकडे, सकाळी आठला, त्यांच्या मोबाइलवर, मराठीत. आणि इथे एक गोष्ट त्यांच्याकडून मागून घ्या. हे आकडे यायला लागले की सुपरवायझरला फोन करून तेच विचारायचं नाही. मालक जोपर्यंत फोनवर आकडा विचारतो तोपर्यंत सुपरवायझर फोनसाठी वेगळी वही ठेवतो, आणि मग सिस्टिममधल्या आकड्याला कुणी विचारत नाही म्हणून कुणी तो नीट भरत नाही. मी बघितलेल्या फसलेल्या प्रोजेक्टमध्ये तंत्रज्ञानाने फसलेले फार कमी, या एका सवयीने फसलेले जास्त.

क्रम कसा लावायचा तर माझं मत स्पष्ट आहे, मशीन मॉनिटरिंग आत्ता नको. वेंडर तेच पुढे करतो कारण दिसायला छान दिसतं, भिंतीवर टीव्ही, लाल-हिरवे चौकोन. पण मशीन थांबलं हे तुमच्या माणसांना माहीतच आहे, का थांबलं ते हवंय, आणि ते कारण ऑपरेटरने भरल्याशिवाय येत नाही. शिवाय तुमच्याकडे चार नवी सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) असतील आणि बाकीची जुनी, जुन्यांना नेटवर्कचा पोर्टच नसतो, त्यांना करंट सेन्सर लावून फक्त चालू-बंद कळतं. आधी गेट ते डिस्पॅच हा मालाचा रस्ता बांधा : काटा, इनवर्ड, हीट लॉग, मोल्डिंग, फेटलिंग, मशीनशॉप, जॉबवर्क, डिस्पॅच. हीट लॉगला स्पेक्ट्रोचा रिपोर्ट थेट जोडता येतो का ते बघा, बऱ्याच मशीनमधून फाइल निघते, हाताने टाइप करायची गरज नाही. एक अपवाद मात्र पहिल्या दिवसापासून करा, भट्टीला वेगळा एनर्जी मीटर आणि हीटप्रमाणे युनिटची नोंद. इंडक्शन फर्नेसला (विजेवरच्या भट्टीला) आयर्नच्या टनामागे साधारण ५५० ते ६५० युनिट लागतात, तुमच्याकडे शिफ्टनुसार त्यात किती फरक पडतो ते बघा, झाकण उघडं ठेवणं, स्पेक्ट्रोची वाट बघत मेटल धरून ठेवणं, ओला स्क्रॅप, सगळं त्या एका आकड्यात दिसतं आणि खर्च मीटरएवढाच. फाउंड्रीच्या वीजबिलाचा आकडा तुम्हाला मी सांगायला नको.

माणसांचं सांगतो, इथे घाई करू नका. रिजेक्शनचा डेटा यायला लागला की पहिल्या महिन्यात कुणाचा तरी इन्सेन्टिव्ह कापायचा मोह होतो. कापलात की संपलं. दुसऱ्या महिन्यापासून सगळं रिजेक्शन "सँड प्रॉब्लेम" या एकाच कोडखाली यायला लागतं, कारण वाळूचा इन्सेन्टिव्ह कापता येत नाही. म्हणून सुरुवातीला जाहीर सांगा, सगळ्यांसमोर, वडिलांच्या तोंडून, की पहिले सहा महिने या आकड्यांवरून कुणालाही शिक्षा नाही, आणि तो शब्द पाळा. कोड कमी ठेवा, दहा-बारा, ब्लो होल, शिफ्टिंग, कोल्ड शट, कोअर ब्रेक असे जे माणसं बोलतात तेच शब्द. स्क्रीन मराठी आणि हिंदी दोन्हीत, कारण तुमच्याकडे मोल्डिंगला बिहार-ओडिशाची मुलं असणार. हातात ग्लोव्ह्ज आणि अंगावर धूळ असताना टाइप करायला लावू नका, मोठी बटणं, फोटो, स्कॅन.

प्रोजेक्टचा प्रमुख बाहेरचा किंवा कॉम्प्युटरवाला नको. प्रॉडक्शन किंवा स्टोअरमधला, ज्याचं शॉपवर ऐकतात असा माणूस, आणि त्याला त्याच्या रोजच्या कामातून खरंच मोकळा करा, त्याच्या जागी दुसरा बसवा. "रोजचं सांभाळून हे पण बघ" असं म्हटलंत की दोन्ही बुडतं. या माणसाचा पगार प्रोजेक्टच्या खर्चात धरा, ट्रेनिंगचे तास धरा, सफाईचे तास धरा, मग दिसेल की लायसन्सचा आकडा एकूण खर्चाच्या निम्मासुद्धा नाही.

सुरू करायची तारीख मार्चमध्ये नको आणि दिवाळीआधीच्या गर्दीत तर नकोच. हर्शी ही अमेरिकेतली चॉकलेट कंपनी, १९९९ मध्ये त्यांची नवी सिस्टिम एप्रिलला सुरू व्हायची ती जुलैला झाली आणि हॅलोविन या सणाच्या ऑर्डरींच्या तोंडावर अडकले, गोदामात माल असून सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पाठवता आल्या नाहीत. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये ५२ लाख ग्राहकांचा डेटा एकाच वीकेंडला नव्या सिस्टिमवर हलवला, लाखो लोक आपल्याच खात्याबाहेर राहिले आणि २०२२ मध्ये ४ कोटी ८६ लाख पौंडांच्या वर दंड बसला. तुमचा आकार वेगळा, पण एका दिवसात सगळं फिरवायचं नाही हे तेच. एक कस्टमर, त्याची पाच-सात कास्टिंग, ती पूर्ण रस्त्याने नव्या पद्धतीत चालवा, मग पुढचा कस्टमर. जुनं-नवं दोन्ही चालवायचा काळ आधीच ठरवा, सहा आठवडे म्हटलं तर सहाच, कारण दोन्ही भरायला लावलं की थकलेला माणूस नवं सोडतो, जुनं नाही.

मोजायला सुरुवात आजच करा, सॉफ्टवेअर यायच्या आधी, नाहीतर नंतर सुधारलं का हे कुणालाच सांगता येणार नाही. दर आठवड्याला वीस आयटम कुठलेही उचला, प्रत्यक्ष मोजा आणि रेकॉर्डशी ताडून बघा, किती जुळले. एका कास्टिंगची हीट शोधायला किती वेळ लागतो. जॉबवर्कला सहा महिन्यांच्या वर किती माल पडलाय. आणि शॉपवर चालू वह्या किती. हे चार आकडे दरमहा एका कागदावर, वडील आणि तुम्ही समोर बसून. तीन महिने सलग हलले नाहीत तर पुढचं मॉड्युल विकत घ्यायचं थांबवा आणि अडलंय कुठे ते शेडमध्ये जाऊन बघा.

वेंडरशी बोलताना किमतीवर घासाघीस कमी करा आणि अटींवर जास्त. पैसे इन्स्टॉलेशनवर नाही, वापरावर द्या, म्हणजे अमुक कस्टमरचा सगळा माल सलग एक महिना वहीशिवाय गेला की पुढचा हप्ता. कस्टमायझेशनचे तास आणि दर आधी लिहून घ्या. बॅकअप रोजचा हवा आणि त्याची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली, रॅन्समवेअर (डेटा अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) लहान कारखान्यांनाही सोडत नाही, आणि असा हल्ला झाला तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवायचा नियम २०२२ पासून आहे, तो कोण कळवणार हेही ठरवून ठेवा. शेवटचा हप्ता देण्याआधी दोन गोष्टी तुमच्या डोळ्यांसमोर करून घ्या : एक, बॅकअपवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर सगळं परत उभं करून दाखवणं, आणि दोन, तुमचा पूर्ण डेटा, मास्टर, हीट, चलनं, सगळं, साध्या एक्सेलमध्ये बाहेर काढून तुमच्या हातात देणं. दुसऱ्या गोष्टीला जो वेंडर आढेवेढे घेतो त्याच्याशी करार करू नका, बाकी सगळं कितीही चांगलं असलं तरी.